झोपेतलं माप

१

मास्क बसवायला मला साधारण वीस मिनिटं लागतात. पेशंटला उशीवर आडवं करायचं, नाकाला मापपट्टी लावायची, त्या मापाचा मास्क चढवायचा, यंत्र चालू करायचं आणि कडेने कुठे हवा सुटते का ते हाताच्या पाठीने चाचपायचं. पट्टा इतकाच ओढायचा की त्याखाली एक बोट सहज जावं. घोरता घोरता ज्यांचा श्वास अडतो, त्यांच्या नाकात हे यंत्र झोपेभर हवेचा दाब धरून ठेवतं, म्हणजे घसा मिटत नाही. सगळी मदार मास्कवर. कड नीट बसली नाही तर यंत्र कितीही भारी असलं तरी फुकट.

मी बुद्धभूषण, उत्रोलीचा. २००६ साली पुण्यातल्या एका एजन्सीसाठी भोर आणि वेल्हे हे दोन तालुके सांभाळत होतो. पेशंट होते अकरा. मोटरसायकलला मागे खोकी बांधायची आणि फिरायचं.

लतीफभाई बारावे. भोरला नदीकडच्या उतारावर त्यांचं दोन खोल्यांचं घर. पंचेचाळिशीचा माणूस, मान आखूड, पण चेहरा निमुळता, नाक बारीक. बावीस वर्षं दुधाचा टेम्पो चालवत होते. गुंजवण्याकडच्या गावांतलं संध्याकाळचं दूध गोळा करायचं, रात्री पुण्याला पोचवायचं, सकाळी घरी येऊन अकरा ते चार झोपायचं. म्हणजे त्यांची रात्र भर दुपारी. त्या उन्हाळ्यात कापूरहोळच्या अलीकडे स्टिअरिंगवर त्यांचा डोळा लागला आणि टेम्पो रस्ता सोडून खाचरात उतरला. कुणाला लागलं नाही. पण मालकाने तपासणी करायला लावली आणि पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की झोपेत तासाला चाळीसहून जास्त वेळा यांचा श्वास बंद पडतो. मग मालकाचं म्हणणं असं, की यंत्र महिनाभर नीट वापरा, डॉक्टरांचं पत्र आणा आणि मग गाडी घ्या. तोवर नव्या ड्रायव्हरबरोबर कॅन चढवायचे नि उतरवायचे. बावीस वर्षं चाक हातात असलेल्या माणसाला हे लागलं होतं. बोलायचे मात्र हसून.

माप लहान आलं. लहान मास्क चढवला, यंत्र लावलं. कुठेही गळती नाही. दहा मिनिटं ते तसेच डोळे उघडे ठेवून पडून राहिले, मग मास्क काढून म्हणाले, "चष्म्यापरीस हलकं हाय की वो."

त्यांच्या बायको, गुलनाजभाभी, दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या. त्यांनी फक्त एवढंच विचारलं की झोपल्यावरही असंच बसेल ना. मी म्हणालो, बसेल.

२

चौथ्या दिवशी भाभींचा फोन आला. झोप लागली की मास्क फुसफुसतो, हवा डोळ्यांत जाते, श्वास पहिल्यासारखाच अडतो.

मी साडेचारला पोचलो. लतीफभाई नुकतेच उठून तोंड धुऊन बसले होते. दोन्ही गालांवर मास्कच्या कडेचा लाल वळ होता. तो असतोच, तासाभरात जातो. मी मास्क पुन्हा चढवून बघितला. मास्कची कड वळावर बसेना. दोन्ही बाजूंचे वळ कडेच्या आत, नाकाच्या जवळ राहत होते. मास्क खाली सरकवून बघितला, वर सरकवून बघितला. वळ आतच. जणू मास्क रुंद चेहऱ्यावर दाबून बसवला होता आणि मग तो चेहरा आकसला होता.

मी मनात म्हटलं, कूस बदलताना घसरला असणार. भाभींनाही तेच सांगितलं. त्यांचं म्हणणं होतं की ते कूस बदलत नाहीत, उताणे झोपतात आणि उताणेच उठतात. मी पट्टे अर्धा इंच ओढून दिले आणि निघालो.

३

पुढचे पंधरा दिवस त्या घरी सहा खेपा झाल्या. पट्टे ओढले तर नाकाच्या हाडावरची कातडी सोलली. मऊ कडेचा मास्क दिला, तोही गळला. नाकपुड्यांना टेकणारा छोटा प्रकार दिला, तो झोपेत निघून पडायचा. तोंड झाकणारा मोठा दिला, त्यात लतीफभाईंचा जीव घाबरायचा. प्रत्येक वेळी जागेपणी लहान माप चपखल बसे. डोळा लागला की अर्ध्या तासात शिट्टी सुरू.

यात नवल काही नाही, असं मी स्वतःला सांगत होतो. झोपेत जबडा खाली येतो, गाल सैल पडतात, चेहरा थोडा बदलतोच. आमच्या ट्रेनिंगमध्ये ते शिकवलेलं होतं. महिन्यातले जवळपास वीस दिवस गेले होते. मशिनच्या कार्डावर नोंद होते, डॉक्टर ती बघणार होते, आणि त्या नोंदीत गळतीशिवाय काही नव्हतं. लतीफभाई आता कमी हसत होते. नवा ड्रायव्हर मालकाच्या साडूचा मुलगा आहे, एवढंच एकदा बोलता बोलता म्हणाले.

सहाव्या खेपेला भाभी मला सोडायला उंबऱ्यापर्यंत आल्या आणि हळू आवाजात बोलल्या.

"तुमी जाग्या माणसाचं माप घेता, दादा. एकदा झोपल्याव घिऊन बघा."

४

मंगळवारी दुपारी दीडला गेलो. आतली खोली लहान, हिरव्या रंगाची, खिडकीला जुन्या साडीचा पडदा. त्यातून ऊन गाळून येत होतं. बाहेर कुणीतरी कपडे आपटत होतं, नदीकडे एक म्हैस ओरडत होती. लतीफभाई उताणे झोपले होते. मास्क भाभींनी काढून ठेवला होता. घोरणं चढत चढत जाई, मग एकदम तुटे. छाती हलायची, पण हवा आत जात नसे. मी घड्याळात मोजलं, बावीस सेकंद. मग सगळं अंग झटका खाई, घशातून आवाज निघे, अर्धवट डोळे उघडत आणि पुन्हा घोरणं सुरू होई.

मी गुडघ्यांवर बसलो आणि मापपट्टी लावली. ती म्हणजे प्लॅस्टिकची साधी पट्टी, तिला तीन खाचा कापलेल्या. ज्या खाचेत नाकाचा रुंद भाग बसेल ते माप.

लहान खाच नाकावर बसली नाही. मधलीही बसली नाही. मोठी बसली.

पट्टी काढली, खिशातला दुसरा नग काढला, तो लावला. मोठं. मी उठून खिडकीचा पडदा सारला, उजेड घेतला आणि पुन्हा बसलो. दिसायला ते लतीफभाईच होते. तीच हनुवटी, तीच मिशी. पण जरा वेळ बघत राहिलं की वाटायचं, हे सगळं मूळ जागेपासून थोडं थोडं लांब नेऊन ठेवलंय. पट्टी नाकाच्या वरच्या टोकाला, दोन डोळ्यांच्या मध्ये धरली. तिथे मांस नसतं, कातडीखाली हाडच. तिथेही मोठं.

मी बघत असतानाच त्यांचा श्वास पुन्हा अडला. झटका बसला, डोळे किलकिले झाले, आणि माझ्या हातातली पट्टी सैल पडली. ती नाकावरून घसरून मिशीवर आली. मी ती परत नाकावर धरली. श्वास सुरू झाला, झोप लागली आणि अर्ध्या मिनिटात पट्टी पुन्हा घट्ट.

झोपेत मांस सैल पडतं, हे मला माहीत होतं. हाडाचं काय होतं ते कुणी शिकवलं नव्हतं.

त्या दिवशी घरी गेल्यावर मी आमच्या नानांचं, म्हणजे वडिलांचं माप घेतलं. आधी जागेपणी, मग ते जेवून पडल्यावर. दोन्ही वेळा मधलं. नाना जागे झाले आणि काय करतोस म्हणून विचारलं. मी म्हणालो, पट्टी तपासतोय.

५

पट्टीत दोष नव्हता. तरीही मी जे करायचं तेच केलं. माझं काम मास्क बसवण्याचं होतं आणि मोठ्या मापाचा नाकावरचा मास्क माझ्या खोक्यात होता.

दुसऱ्या दिवशी भाभींना शिकवलं. ते जागे असताना काही लावायचं नाही. झोप लागली की दहा मिनिटं थांबून मोठा मास्क चढवायचा, यंत्र सुरू करायचं. मी स्वतः एकदा करून दाखवलं. कड चेहऱ्यावर टेकली आणि गळती थांबली. पट्ट्याखाली एक बोट गेलं. घोरणंही थांबलं. खोलीत नुसती यंत्राची बारीक, एकसारखी घरघर राहिली. भाभी थोडा वेळ ऐकत बसल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. लग्न झाल्यापासून हे माणूस असं झोपलेलं मी बघितलं नाही, असं त्या म्हणाल्या.

तीन आठवड्यांत कार्डावरच्या नोंदी अशा आल्या की डॉक्टरांनी मला फोन करून विचारलं, कोणता मास्क दिलात. लतीफभाईंना पत्र मिळालं, गाडी मिळाली. एका सकाळी नसरापूर फाट्यावर त्यांनी टेम्पो थांबवला, मला चहा पाजला. चेहऱ्यावर तजेला होता, डोळे स्वच्छ होते. दहा वर्षांनी डोकं हलकं झालं, म्हणाले.

मी ते हिरव्या खोलीतलं विसरायच्या बेतात होतो. अशा वेळी विसरायला फार कष्ट पडत नाहीत.

६

श्रावणात भाभी आपल्या भावाला, इमरानला, घेऊन उत्रोलीला आमच्या घरी आल्या. फोन करता आला असता, पण त्या आल्या. इमरान अंगणात नानांशी बोलत बसला आणि भाभी माझ्याशी ओट्यावर.

त्यांचं सांगणं असं. चारला उठवायचं तर हल्ली साडेचार होतात, पाच होतात. हाका मारल्या तरी हलत नाहीत. ती गोष्ट वेगळी, दमलेला माणूस झोपणारच. पण उठण्याच्या आधी मध्ये काहीतरी असतं. डोळे उघडतात आणि लगेच ते उठलेले नसतात.

मी समजूत घातली. वर्षानुवर्षं झोप न मिळालेलं शरीर आता वसूल करतंय, गाढ झोपेतून माणूस उठला की थोडा वेळ भांबावतो, असं बरंच बोललो. त्या ऐकत राहिल्या. बोलताना मला एक गोष्ट खटकत होती, ती कोणती ते उशिरा ध्यानात आलं. भाभी नवऱ्याला नेहमी 'ह्ये' म्हणायच्या. ह्ये जेवले, ह्ये आले. आज मध्येच त्या 'त्यो' म्हणत होत्या. आणि दोन्ही एकाच वाक्यात.

"ह्येंना मी उठवाया जाते, दादा, तर आदी त्यो उठतो. भिताडांकडं बघतो. मग डोळं मिटतो, मग ह्ये उठत्यात. पैलं पैलं एक मिन्ट बघायचा. आता लई येळ बघतो."

मी विचारलं, लतीफभाईंना सांगितलंत का. त्या म्हणाल्या, त्यांना गाडी मिळालीय, कसं सांगू.

७

शुक्रवारी पावणेचारला मी त्यांच्या आतल्या खोलीत स्टुलावर बसलो होतो. भाभी भिंतीला टेकून तांदूळ निवडत होत्या. बाहेर रिमझिम होती. पत्र्यावर तिचा आवाज आणि आत यंत्राचा, दोन्ही एकसारखे. लतीफभाई उताणे, मास्क घट्ट, छाती संथ वरखाली होत होती. मी कड चाचपली. कागद आत जाणार नाही इतकी चपखल बसली होती.

चार वाजता भाभी सूप एका हातात धरूनच उठल्या आणि लतीफभाईंचं पाऊल हलवलं. "अवो." काही नाही. पुन्हा हलवलं. चार-पाच वेळा झाल्यावर डोळे उघडले.

झोपेतून उठलेल्या माणसाच्या डोळ्यांत झोप असते. या डोळ्यांत नव्हती. ते छताकडे गेले, तिथून वाशांवरून हळूहळू भिंतीला आले, खिडकीवर थांबले. नवीन जागा बघायला आलेला माणूस बघतो तसे. भाभींवरून पुढे सरकले, तिथे थांबलेही नाहीत. मग माझ्यावर आले आणि राहिले.

मी म्हणालो, "लतीफभाई."

त्यांचा उजवा हात वर आला. पंजा उलटा करून, हाताच्या पाठीने, त्यांनी मास्कच्या कडेभोवती सगळीकडून चाचपलं. मग पट्ट्याखाली एक बोट घालून बघितलं. हे मी लतीफभाईंना कधी शिकवलं नव्हतं, जागेपणी त्यांनी ते स्वतः कधी केलंही नव्हतं. मोठा मास्क मी ते झोपेत असतानाच हाताळला होता.

"बरोबर बसलाय," मास्कखालून आवाज आला. हवेमुळे फाटलेला, पण शांत. "आता काढू नका."

भाभींच्या हातातलं सूप खाली पडलं. त्या पुढे झाल्या आणि दोन्ही हातांनी यंत्राची नळी उपटली.

हवा बंद झाली. डोळे माझ्यावरच होते. छाती हलायला लागली, आत काही जाईना. मी मोजत होतो की नव्हतो, आठवत नाही. त्या डोळ्यांत भीती नव्हती, राग नव्हता, फक्त नाराजी होती, कुणी जेवता जेवता उठवावं तशी. मग ते मिटले. अंगाला झटका बसला, घशातून तो जुना घुसमटलेला आवाज आला, आणि माझ्या डोळ्यांदेखत, कुणीही हात न लावता, घट्ट बसलेला मास्क गालांवरून घसरला आणि हनुवटीखाली लोंबकळला.

"चार वाजलं व्हय?" लतीफभाई म्हणाले. मग माझ्याकडे बघून उठून बसले. "तुमी कवा आला? अगं, च्या टाक की."

८

त्यांना त्याच दिवशी सांगितलं. भाभींनीच सांगितलं, मी फक्त मान हलवली. त्यांनी चहा संपवला, कप खाली ठेवला. मला वाटलं होतं, हसतील. हसले नाहीत. म्हणाले की झोप गाढ लागते हे खरं, पण अकराला डोळे मिटले की एकदम चार वाजलेले असतात, मध्ये काही नाही, साधं स्वप्नही नाही. आधी तासातून चाळीस वेळा धडपडून उठायचो, त्रास व्हायचा. पण प्रत्येक वेळी कळायचं, आपण आहोत.

यंत्र परत न्या, म्हणाले.

मी माझं कर्तव्य म्हणून सगळं सांगितलं. हृदयावर ताण येतो, डोक्याची नस फुटू शकते, एखाद्या वेळी अडलेला श्वास परत येणारच नाही. गाडी तर जाईलच.

"त्या टायमाला मी असंन ना पर," लतीफभाई म्हणाले.

मालकाला त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं आणि चाक सोडलं. मग घरासमोर पंक्चरचं दुकान टाकलं. मी एजन्सीच्या कागदावर लिहिलं, पेशंटला मास्क सहन होत नाही. डॉक्टरांनाही तेच कळवलं. दुसरं काय लिहिणार होतो?

दीडेक वर्ष अधूनमधून जात होतो. लतीफभाई पुन्हा थकलेले, डोळ्यांखाली काळं, पण बोलके. जुन्या सवयीने ते अजूनही दुपारीच झोपायचे, तेव्हा भाभी उशाशी बसायच्या. श्वास अडला की हलवायच्या, झटका बसला की कपाळावर हात ठेवून चेहरा बघायच्या आणि पुन्हा थोपटायच्या. माश्या बसू नयेत म्हणून तोंडावर ओढणी असायची, ती दर वेळी उचलून बघायच्या.

२००८ च्या जानेवारीत इमरानचा फोन आला.

मी पोचलो तेव्हा आंघोळ घालून कफन बांधून झालं होतं. शेवटचं बघायला चेहरा उघडा ठेवला होता. पुरुष एकामागून एक पुढे जात होते, क्षणभर वाकून बघत आणि सरकत. अत्तराचा वास होता. माझी पाळी आली. तोवर मी कितीतरी चेहरे मापले होते. मी कापडाच्या काठाकडे बघितलं, त्याची वीण बघितली, पुढच्या माणसाच्या टाचा बघितल्या. वर बघितलं नाही. आणि पुढे सरकलो.

मातीहून परतल्यावर इमरानने सांगितलं, आपा तुम्हाला बोलावतेय. भाभी इद्दतीत होत्या, नवरा गेल्यावर परक्या पुरुषांसमोर यायचं नाही म्हणून आतल्या खोलीच्या दाराला पडदा लावला होता. मी अलीकडे बसलो. त्यांनी पलीकडून सांगितलं की नळाला पाणी आलं म्हणून त्या पाच मिनिटं बाहेर गेल्या. आल्या तर खोलीत आवाज नव्हता. तोंडावर ओढणी होती. ती उचलायला त्यांचा हात झाला नाही. त्यांनी इमरानला बोलावलं. नंतर बायका म्हणाल्या, शेवटचं बघून घे, तेव्हा त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले.

"तुमी माप घेतलंय, दादा. तुमाला कळलं असंल." भाभी म्हणाल्या. "तुमी बघितलं न्हवं? ह्येच व्हते ना?"

इमरान माझ्याकडे बघत होता. त्याला प्रश्न कळला नव्हता.

"हो भाभी," मी म्हणालो. "लतीफभाईच होते."

पडद्यापलीकडे भाभींनी श्वास सोडल्याचा आवाज आला. पुष्कळ वेळ धरून ठेवलेला असावा.